सनद आणि पाणी

अमेरिकेत 1862 साली होमस्टेडचा कायदा झाला. जो कोणी 160 एकर सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसील, त्याच्या नावे ती व्हावी, असा त्याचा आशय. डोंगराच्या कुशीत, ओढ्याच्या काठी अनेक घरे आणि कुरणे या कायद्याने उभी राहिली. आमच्या बंगळूरच्या पूर्वेसही असाच एक प्रयोग झाला, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी 1882 साली युरेशियन आणि अँग्लो-इंडियन संघास शेतीच्या वसाहतीसाठी सुमारे 3,900 एकर जमीन दिली. डेव्हिड व्हाइट हे या कल्पनेचे पुरस्कर्ते. गावास व्हाइटफील्ड हे नाव त्यांच्यावरूनच पडले. ज्यांची गणना धड राज्यकर्त्यांत नाही, धड रयतेतही नाही, आणि ज्यांची भिस्त रेल्वे व तारखात्यातील नोकरीवर, अशा समाजाच्या पायांखाली स्वतःची माती असावी, ही त्यामागील तळमळ.

परंतु या पठारावर बारमाही नदी नाही. येथील शेती पाऊस, तळी आणि विहिरी यांच्या भरवशावर. शंभरहून अधिक वर्षे व्हाइटफील्ड लहानच राहिले. पुढे 1990 नंतरच्या दशकात तेथे माणसांची रीघ लागली, ती नांगरासाठी नव्हे, संगणकासाठी.

महसुलाची दप्तरे चाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यांत एकरांचा हिशेब चोख सापडतो. वस्ती मात्र पाण्याच्या आणि घामाच्या हिशेबाने टिकते, आणि त्याची नोंद कोणत्याच सनदेत नसते.