पिकअपच्या मागे ट्रॅक्टर

अमेरिकेत पिकअपमागच्या ट्रेलरवर छोटा ट्रॅक्टर बांधून नेणे ही शेतीची जुनी रीत मानली जाते. ते पटत नाही. १९१७ पासून मोठ्या संख्येने निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरला दातेरी लोखंडी चाके होती. ती पक्का रस्ता उखडत, म्हणून अनेक राज्यांनी त्यांच्यावर बंदी घातली. ट्रॅक्टर वाहून नेण्याची खरी गरज तेव्हा होती, पण त्या काळच्या पिकअपच्या अंगात तेवढे बळ नव्हते. १९३२ मध्ये अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने रबरी टायर आणले आणि ट्रॅक्टर स्वतःच रस्त्यावर धावू लागला. म्हणजे अडचण सुटली आणि ट्रेलरची रीत रुजली ती त्यानंतर.

कुणी म्हणेल, ट्रॅक्टर संथ, म्हणून ट्रेलर. पण घराभोवतीच शेत असणाऱ्याला वेगाचे काय? माझ्या मते बदलला तो मालक. सुमारे ११०० किलोचा फोर्ड ८एन ट्रॅक्टर १९५२ पर्यंत निघाला. पुढे मोठ्या शेतांना तो अपुरा पडला आणि जुना माल म्हणून नोकरदार, हौशी जमीनमालकांकडे गेला. १९७२ मध्ये कुबोटाने अमेरिकेत कंपनी थाटली, तीही लहान ट्रॅक्टरच्या बळावर. या मालकाचे घर एकीकडे, जमीन दुसरीकडे, दुरुस्तीचे दुकान तिसरीकडे. पिकअप मात्र दारातच, आणि आता पुरेशी दणकट. महाराष्ट्रात उलटे आहे: इथे ट्रॅक्टरच उसाच्या ट्रॉल्या ओढत कारखाना गाठतो.