‘रात्रीस खेळ चाले’तील बलाढ्य पात्रे : भुतापेक्षा भारी सातबारा

अतिमानवी शक्तींवर आधारलेल्या मालिकांमध्ये सर्वांत सामर्थ्यवान पात्र कोणते, हा वाद प्रेक्षकांत हमखास रंगतो. ‘सुपरनॅचरल’ (२००५ ते २०२०) या पंधरा पर्वे चाललेल्या अमेरिकी मालिकेत या प्रश्नाचे उत्तर तसे सरळ आहे. तेथे भुते, राक्षस, देवदूत आणि सर्वांत वर खुद्द ईश्वर, अशी सामर्थ्याची उतरंडच रचलेली आहे. मराठी छोट्या पडद्यावर मात्र हे गणित इतके सोपे नाही. झी मराठी वाहिनीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके ठरते. या मालिकेतील भुतांकडे वीज पाडण्याचे किंवा पर्वत हलविण्याचे सामर्थ्य नाही. तरीही त्यांचा दरारा घराघरांत पोहोचला. हा दरारा आला कोठून, याचा शोध घेतला तर वाट स्मशानाकडे न जाता तलाठ्याच्या दफ्तराकडे वळते.

मालिकेचे चित्रीकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडीजवळच्या आकेरी येथे झाले. परंतु मालिकेतला वाडा कोकणातील कोणत्याही गावात उभा राहू शकतो. महाड-पोलादपूर पट्ट्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याचे उमरठ घेतले तरी चित्र फारसे वेगळे दिसत नाही. चाकरमानी मुंबईला, म्हातारी माणसे गावाला, कुलूपबंद घरे गणपती आणि शिमग्यापुरती उघडणारी आणि जमिनीच्या वाटणीचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळणारा, ही या भागाची ओळखीची कहाणी आहे. म्हणूनच मालिकेतील पात्रांच्या सामर्थ्याची मोजदाद करताना शेवटी उमरठपर्यंत यावे लागते.

तीन पर्वांचा प्रवास

मालिकेचे पहिले पर्व २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संपले. नाईक कुटुंबाचे प्रमुख अण्णा यांच्या मृत्यूने कथेला आरंभ होतो आणि त्यानिमित्ताने मुले-सुना वाड्यात एकत्र येतात. जानेवारी २०१९ मध्ये आलेले दुसरे पर्व काळात मागे गेले आणि अण्णांचा जिवंतपणीचा कारभार त्याने दाखविला. हे पर्व ऑगस्ट २०२० पर्यंत चालले. मार्च २०२१ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वाला करोनाच्या निर्बंधांमुळे मध्येच विश्रांती घ्यावी लागली आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याची सांगता झाली. मालवणी बोलीचा मुक्त वापर हे तिन्ही पर्वांचे वैशिष्ट्य होते.

अण्णा नाईक

माधव अभ्यंकर यांनी साकारलेले अण्णा हे या मालिकेचे निर्विवाद केंद्र. लोभी, विषयासक्त, क्रूर आणि तरीही गावात मान असलेला हा गृहस्थ. त्यांचे भूत भयंकर आहे, पण त्यांची खरी ताकद दुसऱ्या पर्वात, म्हणजे ते जिवंत असताना दिसते. दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणे, अडलेल्याला कोंडीत पकडणे आणि आड येणाऱ्याचा काटा काढणे, ही त्यांची कार्यपद्धती. त्यासाठी मंत्रतंत्राची गरज पडत नाही. कागद, पैसा आणि गावाची भीड एवढी आयुधे पुरतात.

या पात्रात कोकणच्या प्रेक्षकाला जुना खोत आठवला, तर त्यात नवल नाही. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत शेतसारा गोळा करणाऱ्या खोताचा कुळांवर अंमल चाले. या पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चालला. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली. कायद्याने पद्धत गेली, परंतु ‘मोठ्या घरा’चा धाक स्मृतीत राहिला. अण्णांचे भूत हे त्या धाकाचे भूत आहे.

अण्णांच्या सामर्थ्याला मर्यादाही आहे. ज्यांचा त्यांनी घात केला, ते मृतात्मे त्यांना स्वस्थ बसू देत नाहीत. दुसऱ्या पर्वाच्या उत्तरार्धात सर्वांत अधिक घाबरलेला माणूस कोण असेल, तर तो स्वतः अण्णाच.

शेवंता

अपूर्वा नेमळेकर यांनी लोकप्रिय केलेली आणि तिसऱ्या पर्वात पुढे कृतिका तुळसकर यांनी साकारलेली शेवंता ही सामर्थ्याच्या क्रमात अण्णांच्या बरोबरीने उभी राहते. पाटणकरांची ही पत्नी अण्णांच्या नादी लागते आणि त्यातच तिचा अंत होतो. जिवंतपणी तिच्या हाती रूपाखेरीज काही नसते. ना जमीन, ना नाव, ना वाड्यात हक्काची जागा. मृत्यूनंतर मात्र ती अण्णांना पुरून उरते. लोककथांतील हडळ बहुधा अशाच अन्यायाने मेलेल्या स्त्रीची असते. समाजाने जिवंत स्त्रीला जे नाकारले, ते लोकसमजुतीने मेलेल्या स्त्रीला बहाल केले, असे शेवंताकडे पाहून म्हणावेसे वाटते.

वच्छी

दुसऱ्या पर्वात संजीवनी पाटील यांनी रंगविलेली वच्छी ही अण्णांची हाडवैरीण. सूडासाठी ती करणीचा मार्ग धरते. प्रत्यक्ष तंत्रमंत्राचा विचार केला, तर जिवंत पात्रांत तिच्याइतके भयकारी पात्र दुसरे नाही. पण ज्याच्याशी भांडायला कोर्टकचेरीचा खर्च परवडत नाही आणि ज्याच्याविरुद्ध गावात कोणी साक्ष देणार नाही, अशा माणसापुढे उरलेला हा शेवटचा उपाय आहे. वच्छीची शक्ती ही तिच्या हतबलतेचीच दुसरी बाजू ठरते.

नीलिमा आणि पांडू

थोरली सून नीलिमा ही विज्ञानाची कास धरणारी. पहिल्या पर्वात वाड्यातील प्रत्येक विचित्र घटनेमागचे कारण शोधण्याचा तिचा प्रयत्न असतो. भुताला प्रश्न विचारण्याचे धैर्य हीदेखील एक शक्तीच आहे, आणि भयमालिकेत ती दुर्मीळ असते.

याच्या अगदी उलट टोकाला विसराळू, भाबडा पांडू. मालिकेच्या लेखनातही सहभाग असलेले प्रल्हाद कुडतरकर यांनी ही भूमिका केली. त्याच्याकडे ना बुद्धी, ना बळ. परंतु वाड्यातील सारी गुपिते त्याच्या डोळ्यांदेखत घडतात आणि तो कोणत्या क्षणी काय बोलून जाईल, याचा भरवसा कोणालाच नसतो. गुन्हा लपविणाऱ्यांच्या घरात असा साक्षीदार भुताहून धोकादायक असतो.

माई

शकुंतला नरे यांनी साकारलेल्या माईंचे नाव सामर्थ्याच्या यादीत सहसा घेतले जात नाही. नवऱ्याचा छळ, सवतीचे दुःख, मुलांचे तंटे आणि वाड्याची पडझड, हे सारे त्यांच्या वाट्याला येते. त्या कोणावर करणी करीत नाहीत आणि कोणाच्या अंगात येऊन सूड उगवीत नाहीत. तरीही अण्णा गेले, शेवंता गेली, वैभव गेले, तेव्हा मागे देव्हाऱ्यासमोर दिवा लावणाऱ्या माईच उरतात. ज्याच्यात टिकून राहण्याची ताकद अधिक तो समर्थ, ही कसोटी लावली तर पहिला क्रमांक माईंचाच लागतो.

अन्य मालिकांतील सामर्थ्य

मराठीतील इतर मालिकांशी तुलना केली, की हा वेगळेपणा अधिक ठळक होतो. ‘जय मल्हार’ (२०१४ ते २०१७) मध्ये देवदत्त नागे यांचा खंडोबा हा साक्षात ईश्वर होता, त्यामुळे त्याच्या सामर्थ्याविषयी प्रश्नच नव्हता. ‘असंभव’ (२००७ ते २००९) मध्ये पुनर्जन्माच्या कथेत नीलम शिर्के यांची सुलेखा काळ्या विद्येच्या बळावर सर्वांना वेठीस धरते. ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ (२०२२ ते २०२४) मध्ये भविष्य दिसणारी नेत्रा आणि ऐश्वर्या नारकर यांनी साकारलेला रूपालीच्या रूपातील विरोचक यांचा सामना रंगला. या तिन्ही मालिकांत शक्ती वरून मिळते. ती दैवी वरदान असते किंवा आसुरी विद्या. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये ती जमिनीतून आणि जिवंतपणी केलेल्या पापातून वर येते.

उमरठचा मृत वीर

मृत्यूनंतर माणसाचा अंमल कसा चालतो, याचे दुसरे रूप उमरठ येथे पाहावयास मिळते. नरवीर तानाजी मालुसरे यांचे हे गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगड घेताना त्यांना वीरमरण आले. त्यांचा देह मढे घाटाच्या वाटेने उमरठला आणला गेला आणि त्यावरूनच घाटाला हे नाव पडले, असे लोकपरंपरा सांगते. गावात त्यांची समाधी आहे आणि दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला लोक येथे जमतात.

अद्भुताचा स्पर्श या स्मृतीलाही आहे. यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढून गेले, ही कथा शाहिरांनी घरोघर पोहोचविली. इतिहासकार तिला आधार मानीत नाहीत. पण समाज आपल्या आवडत्या मृतालाही अतिमानवी साथ देऊ करतो, एवढे त्यातून कळते. भेद आहे तो परिणामात. मुलाच्या लग्नाचे काम बाजूला सारून मोहिमेवर गेलेल्या माणसाच्या समाधीपुढे लोक माथा टेकतात. दुसऱ्याची जमीन गिळणारा अण्णा मात्र स्वतःच्याच वाड्यात कैद होऊन पडतो. दोघेही मृत्यूनंतर गावात राहिले. एकाला गावाने ठेवून घेतले, दुसऱ्याला गावाला टाळता आले नाही.

पडद्याबाहेरचा धोका

पहिले पर्व सुरू होताच कोकणची बदनामी होते आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असा आक्षेप सिंधुदुर्गात घेतला गेला. तो सर्वस्वी फेटाळता येणार नाही. करणी केल्याच्या संशयावरून माणसाला मारहाण होणे किंवा वाळीत टाकले जाणे, हे प्रकार महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पडद्यावरची वच्छी रंजक वाटते. गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीला वच्छी ठरविले गेले, तर तो गुन्हा ठरू शकतो.

मालिकेचा प्रेक्षक हा फरक जाणतो, असे मानून चालण्यापेक्षा तो सांगितलेला बरा. नाईकांच्या वाड्यातील भुते खोटी आहेत. वाटणीवाचून पडलेली जमीन, फसवून घेतलेला अंगठा आणि घरातल्या बाईला न मिळालेला हक्क मात्र खरे आहेत. येत्या गणपतीत गावचे घर उघडताना अमावस्या पाहण्याऐवजी सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, आणि त्यात बहिणीचे आहे की नाही, हे पाहिले, तर अण्णा नाईकांचे निम्मे बळ तेथेच सरेल.