वाण्याच्या वहीतलं गिरणगाव

गिरणगावाचा इतिहास लिहिताना गिरणी, चाळ, युनियन आणि संप ही चार ठिकाणं सगळेच गाठतात. पाचवं ठिकाण चाळीच्या तळमजल्यावरच होतं, पण ते बहुतेकांच्या नजरेतून निसटलं. ते म्हणजे वाण्याचं दुकान. आठवणीपर लेखनात या दुकानाबद्दल माया आहे, सरकारी अहवालांत त्याच्याबद्दल संशय आहे. मात्र त्याने नेमकं काय काम केलं याचा हिशेब फारसा कुणी मांडलेला नाही. माझं म्हणणं असं, की मुंबईचा कापडधंदा जवळजवळ शतकभर या दुकानांच्या उधारीवर उभा होता. कामगाराची मजुरी गिरणी उशिरा देत असे. तो मधला काळ दुकानदाराने स्वतःचे पैसे गुंतवून भरून काढला. हे भांडवल एकाही गिरणीच्या ताळेबंदात दिसत नाही, पण ते नसतं तर सकाळच्या भोंग्याला खात्यात हजर राहायला माणसं जगलीच नसती.

पुरावा दुकानापासूनच सुरू होतो. परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोडच्या जुन्या दुकानाचा वास हा सुट्या मालाचा वास होता. गुळाची ढेप, तोंड दुमडून उघड्या ठेवलेल्या गोण्या, मिरचीची धसक, हिंगाची डबी, तेलाचा चिकट पत्र्याचा डबा, आणि दाराशी रॉकेलचं पिंप. मीठसुद्धा गोणीतूनच मिळे. दुकानदार बहुधा कच्छी किंवा गुजराती, अनेकदा जैन. त्यामुळे सुकटीचा किंवा बोंबलाचा वास या दुकानात नसे, त्यासाठी बाजारात कोळणीकडेच जावं लागे. पण बाकी दुकान गिऱ्हाइकाच्या गावावर बेतलेलं असे. रत्नागिरीकडची माणसं जास्त असलेल्या गल्लीत उकडा तांदूळ, कुळीथ, आमसुलं. साताऱ्याकडच्या घाटी मंडळींच्या वस्तीत ज्वारी-बाजरी आणि शेंगदाणे. कोणत्या चाळीत कोणत्या तालुक्याची माणसं राहतात, हे दुकानातल्या गोण्या पाहून सांगता आलं असतं. आणि माल सुटा होता तो एका सोयीसाठी: तो कितीही थोडा देता येई. पैशाचं तिखट, दोन पैशांचं तेल, अर्ध्या आण्याचा चहा आणि साखर. रद्दीच्या कागदाची शंकूसारखी पुडी, वर दोऱ्याचे दोन वेढे. एवढ्या लहान मापात माल घेणारं कुटुंब महिन्याचा बाजार एकदम भरू शकत नव्हतं, इतकं त्या पुडीवरूनच कळतं.

का भरू शकत नव्हतं, याचं उत्तर पगाराच्या पद्धतीत आहे. गिरणीत पगार महिन्याने होई, आणि तोही महिना संपल्यावर लगेच नव्हे, तर पुढच्या महिन्याचा दुसरा आठवडा उजाडल्यावर. नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पैसा पडायला सहा आठवडे सहज जात. मजुरी वेळेवर देण्याचं कायदेशीर बंधन 1936 च्या कायद्याने आलं. त्यातही हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना दहाव्या दिवसापर्यंत मुभा होतीच. आधी काम, मग मजुरी. मधले दिवस कामगाराने खायचं काय, हा प्रश्न मालकाच्या लेखी नव्हताच. मुंबईच्या लेबर ऑफिसने 1921-22 मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तिचा अहवाल 1923 मध्ये निघाला. कमाईतला निम्म्याहून जास्त भाग खाण्यावर जात होता आणि जवळजवळ निम्मी कुटुंबं कर्जात होती. सावकाराचा रूढ दर होता रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला पाऊणशे टक्के. या दराने रोजचा शिधा कुणालाच परवडला नसता. म्हणून रोजच्या जेवणाचं कर्ज सावकाराकडे न जाता वाण्याकडे गेलं, आणि ते पैशाऐवजी तांदूळ-डाळीच्या रूपात मिळालं.

त्याची पद्धत साधी होती. एक वही दुकानात, एक छोटं पुस्तक गिऱ्हाइकाच्या घरी. पोराला पुस्तक घेऊन पाठवायचं, वाण्याने माल देऊन दोन्हीकडे रक्कम मांडायची. पगार झाला की त्याच संध्याकाळी वाण्याची पायरी चढायची, जमेल तेवढं भरायचं आणि उरलेली बाकी पुढे ओढायची. बाकी पुरती कधीच फिटत नसे, आणि ती तशी उरण्यात दोघांचाही फायदा होता: गिऱ्हाइकाला उद्याचा माल मिळण्याची खात्री, वाण्याला गिऱ्हाईक टिकण्याची. गावाहून आलेल्या नव्या माणसाला खातं उघडून द्यायला कुणीतरी शब्द टाकावा लागे, मग तो गाववाला असो, गाळ्यातला जुना भाडेकरू असो की ज्याच्या हाताखाली काम मिळालं तो जॉबर असो. एकट्या पुरुषांची सोय खानावळवालीकडे होती. दहा-पंधरा जणांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण घालणारी ही बाई त्या सगळ्यांची उधारी स्वतःच्या नावावर वाण्याकडे काढत असे. म्हणजे गिरणीने अडकवलेली मजुरी आधी तिच्या चुलीपाशी आणि मग वाण्याच्या वहीत येऊन थांबे. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यामागे हीच साखळी होती. ज्या बायका वर्षानुवर्षं दुसऱ्यांना महिनाभर उधार जेवू घालत होत्या, त्यांची पत कागदावर मांडायला विसाव्या शतकाचा शेवटचा चतुर्थांश उजाडावा लागला.

यावर पहिला आक्षेप येणार तो उघड आहे: वाणी काही उपकार करत नव्हता, तो लुबाडत होता. उधारीच्या गिऱ्हाइकाला हलका माल, चढा भाव, काटा मारणं, डाळीत खडे. महाराष्ट्राला या आक्षेपाची खोल स्मृती आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि दंगा आसपासच्या तालुक्यांत पसरला. माणसांवर हात क्वचितच टाकला गेला. लोकांना हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या, आणि हाती लागल्या तेवढ्या त्यांनी जाळल्या. गावातला वाणी आणि सावकार हा पुष्कळदा एकच माणूस होता. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा करून घेण्याची चाल पडली. न वाचता येणाऱ्या कुणब्याने कशावर अंगठा उठवला हे त्याला कोर्टातच कळे. सरकारने चौकशीला आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. देशावरून गिरणगावात आलेला कामगार याच मुलखाचा नातू-पणतू. वहीबद्दलचा धाक त्याच्या रक्तात असला तर त्याला दोष देता येत नाही.

पण सुप्याची वही आणि लालबागची वही यांत एक मोठा फरक आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. सुप्यात वहीमागे जमीन होती आणि जमिनीमागे दिवाणी कोर्ट होतं. लालबागच्या कामगाराकडे दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत एक ट्रंक, चार भांडी आणि एक घोंगडी. जप्त काय करणार? त्याने रातोरात चाळ बदलली किंवा बोटीत बसून गाव गाठलं, की बाकी बुडालीच. शिवाय दुकानं एकाला लागून एक होती. एकाने फारच पिळलं तर पुढच्या पगारापासून गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाई. त्यामुळे वाण्याचा जोर होता पण तो मर्यादित होता, आणि गल्लीचं वजन त्याच्यावरही होतं. भाव चढा असे हे खरंच. तो चढा भाव म्हणजेच व्याज होतं, आणि मला तो माझ्या विरोधातला पुरावा वाटत नाही, उलट माझ्याच बाजूचा वाटतो. सुट्या मालावर किंमत छापलेली नसते. त्यामुळे उधारीची किंमत डाळीच्या दरातच मुरवता येई, वेगळं व्याज मागावं लागत नसे. हा जास्तीचा पैसा कामगाराच्या ताटातून गेला, आणि तो जाण्याचं कारण मजुरी महिनाभर अडवून धरणारा मालक होता. वाण्यावरचा राग न्याय्य असेल, पण तो निम्म्या वाटेवर थांबतो.

1980 नंतर बंद पाकिटांचा माल वाढला. टाटांचं पाकिटातलं मीठ 1983 चं. पुढे 1990 च्या सुमारास पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, यात शंका नाही. पण छापील किमतीत उधारी मुरवायला जागा नसते. दुकानातला वास गेला तेव्हा त्याच्याबरोबर उधार देण्याचा हिशेबही मोडला. जुन्या दुकानाबद्दल हळहळणाऱ्या लेखांत वासाचा उल्लेख हमखास असतो, या दुसऱ्या गोष्टीचा क्वचितच.

उधारीची खरी परीक्षा संपात झाली. एप्रिल 1928 मध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार, सहा महिने पगार नाही, आणि त्याच दिवसांत जन्मलेल्या गिरणी कामगार युनियनची तिजोरी नाममात्र. इथे दुसरा आक्षेप निघतो: कामगार गावी गेले म्हणून संप टिकला, वाण्यामुळे नव्हे. गावाचा आधार मोठा होता हे मान्यच आहे. पेरणीच्या तोंडावर हजारो माणसं कोकणात आणि देशावर परतली. पण सगळेच गेले नाहीत. सभा, निरोप, दारावरची निदर्शनं हे सगळं मुंबईत राहिलेल्यांनी सांभाळलं आणि त्यांची चूल मुंबईतच पेटत होती. जे गेले त्यांनाही परत आल्यावर पहिला पगार होईपर्यंत पुन्हा त्याच पायरीवर उभं राहावं लागलं. राजनारायण चंदावरकरांनी 1994 च्या आपल्या ग्रंथात दाखवलं आहे, की मुंबईतलं कामगार राजकारण गिरणीच्या दारापेक्षा वस्तीतल्या नात्यांवर जास्त उभं होतं, आणि दुकानदाराची उधारी हा त्या नात्यांचाच एक धागा होता. संपात वाण्याने उधारी चालू ठेवली ती कामगारप्रेमाने असं मानायचं कारण नाही. हात आखडता घेतला तर आधीची बाकीही बुडणार, हे त्याला ठाऊक होतं. तो स्वतः दाणाबंदरच्या घाऊक व्यापाऱ्याचं देणं लागत असे. म्हणजे संपाचा भार गल्लीतून मशीद बंदरपर्यंत पोचत होता. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. याही वेळी पहिले महिने पुस्तकं चालू राहिली. पण तो संप मिटलाच नाही, गिरण्या पूर्ववत झाल्या नाहीत, आणि ज्या पगारावर वहीतली प्रत्येक नोंद विसंबली होती तो पगारच संपला. कामगाराबरोबर दुकानंही बसली. त्यांच्या नुकसानभरपाईची मागणी कुठल्याही मोर्चात झाली नाही.

उधारीला पर्याय नव्हते असंही नाही. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी महागाई भडकली तेव्हा काही गिरण्यांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली. 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. 1948 मध्ये नायगावात गिरणी कामगारांनीच सहकारी भांडार उभं केलं, तेच पुढे अपना बाजार म्हणून वाढलं. वाजवी भाव, चोख वजन, निवडलेलं धान्य: या भांडाराने जे कमावलं त्याचं मोल मी कमी लेखत नाही. तरी वाण्याचं दुकान बंद पडलं नाही. रेशनला रोख पैसे लागत, सहकारी तत्त्वालाही रोखीचा व्यवहार प्रिय. महिन्याच्या विसाव्या दिवशी घरात रोख नसताना स्वस्त धान्याचं दुकान दूरच राहतं, आणि चढ्या भावाचं दुकान जवळ येतं. लोकांना भाव कळत नव्हता म्हणून ते वाण्याकडे गेले, असं म्हणणाऱ्याने हा विसावा दिवस लक्षात घेतलेला नाही.

या इतिहासाची अडचण कागदपत्रांची आहे. गिरणीमालक संघाचे वार्षिक अहवाल एकोणिसाव्या शतकापासून छापलेले आहेत. पगाराचे दर, चात्यांची संख्या, गाठींची निर्यात सगळं त्यांत सापडतं. वाण्याच्या वह्या मात्र दर दिवाळीला नव्या झाल्या आणि जुन्या बहुतेक रद्दीत गेल्या, कदाचित त्याच पानांच्या पुड्या बांधल्या गेल्या. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या तोंडून गिरणगावाचा इतिहास गोळा केला, तसा दुकानदारांच्या तोंडून तो अजून व्हायचा आहे. लालबाग-नायगावात दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने चालवलेली थोडी दुकानं अजून आहेत, आणि पोटमाळ्यावर लाल कापडी बांधणीच्या गुजरातीतल्या वह्याही असतील. इमारती पुनर्विकासाला जाताना त्या भंगारात जातात. विद्यापीठाच्या एखाद्या इतिहास विभागाने गुजराती वाचणारी चार मुलं घेऊन हे काम आता, या दोन-चार वर्षांत, हाती घ्यावं. 1982 च्या फेब्रुवारी ते डिसेंबरची एका दुकानाची जरी वही मिळाली, तरी कोणत्या महिन्यात साखर बंद झाली, कोणत्या महिन्यात तेल, आणि कोणत्या तारखेनंतर वाण्याने मांडणं थांबवलं, हे घरागणिक वाचता येईल.