शिकायला मिळालं, पण कुठल्या अटीवर?

आज जाऊया टेक्सासमधल्या स्वीटवॉटरला. 1943 मध्ये तिथल्या अ‍ॅव्हेंजर फील्डवर 'वास्प'च्या मुली लष्करी विमानं उडवायला शिकत होत्या. अभ्यासक्रम जवळपास पुरुष कॅडेट्सचाच. माझ्या सॉफ्टवेअरवाल्या भाषेत सांगायचं, तर फरक फक्त एका नोंदीचा: तो सैनिक, ती नागरिक.

त्या नोंदीमुळे काय झालं? ट्रेनिंगला यायचं भाडं स्वतःच्या खिशातून. अपघातात गेली, तर लष्करी इतमाम नाही. मृतदेह घरी पाठवायला मैत्रिणी वर्गणी काढायच्या. 1,074 जणी पास झाल्या. शिकाऊ मुली धरून 38 जणींचा जीव गेला. डिसेंबर 1944 मध्ये कार्यक्रमच गुंडाळला. माजी सैनिकाचा दर्जा मिळायला 1977 उजाडलं.

म्हणून कुणी 'शिकू तर दिलं ना!' म्हणालं, की मी विचारतो, कुठल्या अटीवर?