वाफसा आणि विज्ञानाचा तास

विज्ञान-शिक्षणाचा इतिहास म्हटला की पाठ्यपुस्तके, अभ्यासक्रम, आयोग आणि समित्या यांची जंत्री पुढे येते. फळ्यापुढे जो उभा असतो तो शिक्षक त्या जंत्रीत फारसा कुठे दिसत नाही. तो स्वतः विज्ञान कोणत्या भाषेत शिकला, शिकताना त्याला प्रश्न विचारायची मुभा होती का, हे कोणी विचारत नाही. मला मात्र हा प्रश्न जवळचा वाटतो, कारण मी बी.ए. झालेली, तीही मराठी माध्यमातून. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायला लागले, पण विज्ञानाचे शिक्षक कमी म्हणून सहावी-सातवीचे विज्ञानही बरीच वर्षे माझ्याकडेच होते. खेड्यातल्या शाळांत तेव्हा यात कोणाला नवल वाटत नसे.

आज ज्या प्रयोगाविषयी लिहिते आहे तो आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातला. नर्मदेकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम आहे) १९७२ साली १६ माध्यमिक शाळांमधून त्याची सुरुवात झाली. तिकडे माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी. रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी राज्य सरकारची परवानगी घेऊन सरकारी शाळांतच हे काम सुरू केले. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआरमधले) वैज्ञानिक, ती नोकरी सोडून खेड्यात गेलेले. मुंबईचा संबंध एवढ्यावर संपत नाही. टीआयएफआरमधले यशपाल, वि. गो. कुलकर्णी यांच्यासारखे वैज्ञानिक त्याच सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याची खटपट करीत होते. तो अनुभव होशंगाबादला उपयोगी पडला. पुढे दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापकही येऊन मिळाले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत पोचला आणि १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली.

मुलांनी प्रयोग करून शिकावे, ही कल्पना काही नवी नव्हती. मला महत्त्वाचे वाटते ते तिथले शिक्षक-प्रशिक्षण. सहावी, सातवी आणि आठवी अशा तीन इयत्तांसाठी तीन वर्षे, दर उन्हाळ्यात सुमारे तीन आठवड्यांचे शिबिर. व्याख्याने जवळजवळ नाहीतच. शिक्षकांनी चार-चारांच्या टोळ्या करून बसायचे आणि मुले जे प्रयोग करणार तेच स्वतः करायचे. पाने आणि मुळे गोळा करायची, त्यांचे गट पाडायचे, एकच लांबी पुन्हा पुन्हा मोजायची आणि प्रत्येकाचे उत्तर थोडे थोडे वेगळे का येते यावर चर्चा करायची. शिक्षकांमध्ये पुष्कळ जण माझ्यासारखे, विज्ञानाची पदवी नसलेले. समोर विद्यापीठातले प्राध्यापक. पण एखाद्या शिक्षकाने अवघड प्रश्न टाकला की प्राध्यापकही म्हणत, चला, करून बघू.

ज्याने आयुष्यभर वरून आलेले परिपत्रक खाली पोचवले आहे, त्याला विद्यापीठातला माणूस ‘तुम्हाला काय दिसले?’ असे विचारतो, हे लहान नाही. आमच्या वेळच्या उजळणी वर्गांत आम्ही वही काढून बसायचो, वक्ते बोलायचे, आम्ही लिहून घ्यायचो आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन घरी यायचो. तिथे आम्ही काय पाहिले हे कोणी विचारले नाही, कारण आम्ही काही पाहिलेलेच नसायचे.

होशंगाबादचे शिबिर संपले की काम संपत नसे. दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक ‘संगम केंद्रा’वर जमत आणि वर्गात काय जमले, काय फसले ते सांगत. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात त्या सांगण्यावरून बदल होत. काही वर्षांनी त्यातलेच शिक्षक नव्या शिक्षकांना शिकवायला उभे राहू लागले. मुलांना पुस्तकाबाहेरचे प्रश्न पडले तर त्यांनी ‘सवालीराम’ला पत्र लिहायचे. हा सवालीराम म्हणजे कोणी खरा माणूस नव्हे, पण त्याची उत्तरे खरी येत. परीक्षेलाही पुस्तक उघडे ठेवून बसायची परवानगी होती. पाठ केलेल्या व्याख्येला तिथे काही किंमतच उरली नव्हती.

आता भाषेकडे येते. पाठ्यपुस्तकातली प्रमाण हिंदी ही त्या मुलांची घरची भाषा नव्हती. नर्मदेच्या खोऱ्यात बुंदेलीच्या छटा असलेली बोली, तर डोंगराच्या बाजूला गोंड आणि कोरकू वस्ती. ही कोरकू आपल्या मेळघाटातही बोलली जाते. ती ना हिंदीची बहीण ना मराठीची. तिचे कूळच वेगळे, मुंडा भाषांचे. अशा मुलापुढे संस्कृतप्रचुर पारिभाषिक शब्द ठेवला तर त्याला एका वेळी दोन परक्या गोष्टी शिकाव्या लागतात, एक शब्द आणि एक कल्पना. बहुतेक वेळा शब्द तेवढा शिकला जातो. होशंगाबादच्या मंडळींनी आधी वस्तू हातात दिली, मुलांना आपल्या शब्दांत बोलू दिले आणि नाव नंतर सांगितले. पुस्तक मात्र हिंदीतच राहिले, कोरकूत किंवा गोंडीत आले नाही. ती मर्यादा मान्य करायला हवी. घरची बोली आणि पुस्तक यांच्यामधला पूल शेवटी शिक्षकालाच बांधावा लागला, आणि म्हणूनच त्याचे प्रशिक्षण इतके मोलाचे होते.

आपल्याकडे, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात (स्थापना १९७४), वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा पकडला. पाठ्यपुस्तकाची भाषाच पुष्कळ मुलांच्या वाटेत आडवी येते, विशेषतः ज्यांच्या घरी वाचण्या-लिहिण्याची परंपरा नाही त्यांच्या, हे त्यांनी लक्षात आणून दिले. म्हणजे पुस्तक मराठीत असले की प्रश्न सुटला असे नाही. कोणाच्या मराठीत, हा पुढचा प्रश्न उरतोच.

मी शिकवत होते त्या शाळेत बहुतेक मुले शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. मातीच्या धड्यात मातीतले पाणी आणि हवा यांचा उल्लेख आला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, म्हणजे वाफसा!” वाफसा म्हणजे काय ते मी त्यालाच सांगायला लावले. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही राहत नाही आणि कोरडीही होत नाही, मुळांना पाणीही मिळते आणि हवाही, ती स्थिती. ती ओळखायची कशी? मूठभर माती दाबायची, गोळा झाला पाहिजे, आणि तो खाली टाकला की फुटला पाहिजे. अख्खा वर्ग ऐकत होता. निरीक्षण, चाचणी, निष्कर्ष, सगळे त्यात होते आणि त्याला नावही होते. फक्त ते पुस्तकात नव्हते.

अशा शब्दांची मराठीत वाण नाही. दूध नासते, पीठ आंबते, वरण विटते, फळ सडते, पालापाचोळा कुजतो. आपल्या आयाबायांनी हा फरक कुठल्या प्रयोगशाळेत शिकलेला नाही, तो रोजच्या निरीक्षणातून आला आहे. पुस्तक या सगळ्याला मिळून एक-दोन जड संज्ञा देते. त्या संज्ञा हव्यातच, त्यांच्याशिवाय पुढचे विज्ञान कळणार नाही. आणि घरचा शब्द नेहमीच पुरा पडतो असेही नाही. ‘जड’ हा शब्दच घ्या. ‘लोखंड लाकडापेक्षा जड’ असे आपण सहज म्हणतो, पण लाकडाचा ओंडका लोखंडी खिळ्यापेक्षा जड असतोच की! इथे वजन आणि घनता वेगळी करावीच लागते. घरचा शब्द कुठपर्यंत नेतो आणि पुस्तकाचा शब्द कुठून हाती धरायचा, हे ज्याला कळते तो विज्ञानाचा शिक्षक. हे ज्ञान विज्ञानाच्या पदवीने आपोआप मिळत नाही आणि भाषेच्या पदवीनेही नाही. ते शिकवावे लागते, आणि शिक्षक-प्रशिक्षणात नेमके तेच सापडत नाही.

आपल्या परंपरेत याची सुरुवात फार लवकर झाली होती. १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढून मराठीत शास्त्रीय विषय मांडणारे बाळशास्त्री जांभेकर हेच १८४५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे, नॉर्मल क्लासचे, प्रमुख होते. विज्ञान, मराठी आणि शिक्षकाची घडण या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या हाती आल्या होत्या. १८४६ मध्ये ते गेले. पुढे या तिन्हींची खाती वेगळी झाली.

होशंगाबादच्या कार्यक्रमाचा शेवट दुःखद आहे. तीस वर्षांत तो चौदा-पंधरा जिल्ह्यांतल्या आठशे ते हजार शाळांपर्यंत पसरला होता. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला आणि तिथेही राज्यभरातली एकसारखी पुस्तके आली. एकसारखेपणा सोयीचा असतो, छपाईला आणि तपासणीला. पण बियाणे काही मरत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष होते यशपाल, आणि मुलाच्या भोवतालाशी शिकणे जोडण्याचा विचार त्या आराखड्यात आहे. पुण्याच्या टेल्कोतले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादला गेले. तिथल्या बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या यांतून त्यांची खेळणी जन्माला आली. ती पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांच्या हाती गेली. ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी नियतकालिकही एकलव्यच्या हिंदी ‘संदर्भ’च्या प्रेरणेतून आलेले. मला होशंगाबाद कळले ते याच वाटेने.

आज आपल्या पुष्कळ मराठी शाळांत ‘सेमी-इंग्रजी’ आले आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून. पालकांची त्यामागची काळजी मला समजते. नातवंडांच्या वयाच्या मुलांना नोकरी कुठे मिळेल हे मी काय सांगणार! पण ज्या शिक्षिकेने स्वतः कधी इंग्रजीत प्रश्न विचारला नाही, तिने इंग्रजीतून विज्ञान शिकवायचे म्हणजे व्याख्या लिहून देणे एवढेच तिच्या हाती उरते. मग मागच्या बाकावरचा मुलगा ‘वाफसा’ म्हणणार कधी? आणि म्हणालाच, तर तो विज्ञानच बोलतो आहे हे तिला ओळखू येईल, असे प्रशिक्षण तिला आपण दिले आहे का?

माध्यम कोणते हा वाद चालू राहील, राहू दे. त्या वादात हा दुसरा प्रश्न हरवू नये, एवढेच माझे म्हणणे. ज्यांनी वर्गात असे शब्द ऐकले असतील त्या शिक्षकांनी ते एका वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या शिक्षकाला ती वही कोणत्याही परिपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडेल.