तळहाताने दाबा, मग फिरवा

अमेरिकेतून मुलाने आणलेल्या व्हिटॅमिनच्या बाटलीशी झटापट केलेले आजी-आजोबा आता पुण्या-मुंबईत पुष्कळ सापडतील. झाकण नुसतेच टकटक करत फिरत राहते, उघडत मात्र नाही. तळहाताने खाली दाबून फिरवले, तरच सुटते. शेवटी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला हाक मारावी लागते. या वैतागामागे मोठा इतिहास आहे.

त्याची सुरुवात होते एका नारिंगी गोळीपासून. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत ‘सेंट जोसेफ’ नावाने लहान मुलांसाठी ॲस्पिरिन विकायला आले. मोठ्यांच्या गोळीच्या पावपट, ८१ मिलिग्रॅमचे, संत्र्याच्या चवीचे. पोरे औषध थुंकतात ही आयांची जुनी तक्रार त्याने मिटवली. ‘कँडी ॲस्पिरिन’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले आणि मुलांनीही ते शब्दशः खरे मानले. संधी मिळताच खुर्चीवर चढायचे, बाटली काढायची आणि गोळ्या फस्त करायच्या. एका गोळीने ताप उतरतो. पण बाटलीभर गोळ्या पोटात गेल्या, की उलट्या होतात, धाप लागते, रक्तातले आम्ल वाढते आणि मूल बेशुद्ध पडते. काही वर्षांतच अमेरिकेत चिमुरड्यांना होणाऱ्या औषधी विषबाधेत ॲस्पिरिनचा क्रमांक पहिला लागला.

पहिला उपाय माहितीचा होता. शिकागोत लुई गडालमन नावाचे एक फार्मासिस्ट कोणत्या औषधात आणि कोणत्या घरगुती रसायनात काय असते याची कार्डे जमवत असत. भेदरलेल्या डॉक्टरांचे फोन त्यांच्याकडे येत. १९५३ मध्ये त्याच शहरात अमेरिकेतले पहिले विषबाधा नियंत्रण केंद्र उभे राहिले. दुसरा उपाय उपदेशाचा. १९५५ नंतर ॲस्पिरिनच्या बाटल्यांवर ‘मुलांच्या हाती लागू देऊ नका’ अशी सूचना आली. सूचना वाचायची आईने आणि बाटली उघडायची तिच्या दोन वर्षांच्या मुलाने, ज्याला अक्षरओळखच नव्हती.

कॅनडातल्या विंडसर शहरात बालरोगतज्ज्ञ आँरी ब्रो हेच अनुभवत होते. ‘ओतेल द्यू’ रुग्णालयातल्या विषबाधा केंद्राचे ते प्रमुख. रात्री-अपरात्री मुलांच्या पोटात नळी घालून ती धुवायची, पालकांना समजावायचे, आणि पुढच्या आठवड्यात दुसरे मूल दारात. दोष आयांच्या निष्काळजीपणाचा नसून सहज उघडणाऱ्या झाकणाचा आहे, अशी त्यांची खात्री पटत गेली. विंडसर हे मोटारींचे आणि साचे बनवणाऱ्या कारखान्यांचे शहर. ब्रो यांच्या आग्रहावरून तिथल्याच एका कारखान्याचे मालक पीटर हेजविक यांनी १९६७ मध्ये ‘पाम-एन-टर्न’ झाकण तयार केले.

त्यातली युक्ती साधी होती. दाबणे आणि फिरवणे या दोन क्रिया लहान मूल वेगवेगळ्या करू शकते. त्या एकाच वेळी करणे त्याला अवघड जाते. हे झाकण वापरात आल्यावर विंडसर परिसरात मुलांच्या विषबाधा ९१ टक्क्यांनी घटल्या.

अमेरिकेने १९७० मध्ये कायदा केला. सुरक्षित वेष्टनाची सक्ती १९७२ मध्ये ॲस्पिरिनला आणि १९७४ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या पोटात घ्यायच्या औषधांना लागू झाली. झाकणाची परीक्षा घेतात ती साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुले. त्यांना पाच मिनिटे बाटली देतात, मग कशी उघडायची ते करून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटे देतात. दातांनी उघडायलाही मुभा असते. इतके करून ८० टक्के मुले हरली, तर झाकण पास. म्हणजे पाचातले एक मूल ते उघडू शकते, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. तरीही चिठ्ठीवरच्या औषधांमुळे होणारे पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू १९७४ ते १९९२ या काळात, अशा वेष्टनाशिवाय जितके झाले असते त्यापेक्षा ४५ टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचा निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आजोबांची गाऱ्हाणीही पोचली. मोठ्यांची चाचणी आधी १८ ते ४५ वयाच्या माणसांवर होई. संधिवाताने आखडलेली बोटे त्यात नव्हतीच, म्हणून म्हातारी माणसे झाकण सैलच ठेवत. १९९५ मध्ये नियम बदलला आणि ५० ते ७० वयोगटातल्यांनाही झाकण उघडता आले पाहिजे असे ठरले.

आपल्याकडे गोळ्या बहुतेक स्ट्रिपमध्ये येतात. एकेक गोळी सोलून काढावी लागते, त्यात मुलाचा वेळ जातो. पण आजीच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत किंवा उशीखालच्या पुडीत सुट्या निघतात आणि तो अडसर आपणच काढून टाकतो. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालते. मुलाने गोळ्या गिळल्याचा संशय आला, तर घरच्या घरी उलटी करवू नका. रिकामी स्ट्रिप किंवा बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.