सांगणे आणि बोलणे : कर्करोगी व वैद्य ह्यांच्यातील संवादाचा इतिहास

मराठीत ‘सांगणे’ आणि ‘बोलणे’ ही दोन क्रियापदे वेगळी आहेत. सांगणाऱ्याला समोर ऐकणारा असला की पुरते. बोलणाऱ्याला मात्र दुसऱ्याचे उत्तर लागते. कर्करोगाचा रुग्ण आणि त्याच्यावर उपचार करणारे ह्यांच्यातील व्यवहाराचा इतिहास सामान्यतः ‘रोग्याला खरे सांगावे की सांगू नये’ ह्या एका वादाच्या रूपाने मांडला जातो. आम्हांला ही मांडणी अपुरी वाटते. रुग्णांनी स्वतः जे लिहून ठेवले ते वाचले की लक्षात येते, की त्यांची मागणी केवळ सांगितले जाण्याची कधीच नव्हती. आपल्या बोलण्याने समोरच्याच्या निर्णयात काही फरक पडावा, एवढे त्यांना हवे होते.

न सांगण्याची परंपरा फार जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्याला असा उपदेश आहे, की रोग्याचे आयुष्य सरत आल्याचे कळले तरी, जेथे ते ऐकून रोग्याला वा इतरांना धक्का बसेल, तेथे ते उच्चारू नये. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक लेखनातही रोग्याची पुढील वा सद्य अवस्था त्याच्यापासून झाकून ठेवावी असा सल्ला आढळतो. मॅंचेस्टरच्या थॉमस पर्सिव्हल ह्यांनी 1803 साली वैद्यकीय नीतीवरील ग्रंथात ह्याच विचाराला आधुनिक रूप दिले : वैद्याने अशुभ भाकिते करीत सुटू नये, मात्र धोका असल्यास रोग्याच्या आप्तेष्टांना वेळीच सूचना द्यावी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 1847 च्या नीतिसंहितेने हा विचार जवळजवळ जसाच्या तसा उचलला. म्हणजे सत्य अगदी गाडून टाकावे असे कोणी म्हणत नव्हते. ते रोग्याला वळसा घालून नातेवाइकांकडे जावे, अशी ती व्यवस्था होती. आपल्याकडील इस्पितळांच्या व्हरांड्यांत डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन जे हलक्या आवाजात बोलतात, त्याची वंशावळ इतकी लांबची आहे.

ह्या व्यवस्थेत रोग्याच्या बाजूने काय दिसत होते, ह्याचा एक विलक्षण दस्तऐवज इंग्रजी साहित्यात आहे. कादंबरीकार फॅनी बर्नी 1811 साली पॅरिसमध्ये राहत होती. 30 सप्टेंबर रोजी तिच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. शस्त्रवैद्य होता नेपोलियनच्या सैन्यातील प्रसिद्ध लारे. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. पोटात होती ती थोडी उत्तेजक मदिरा. पुढच्या वर्षी बहिणीला धाडलेल्या दीर्घ पत्रात तिने हा प्रसंग सविस्तर लिहिला. ते लिहायला तिला काही महिने लागले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ह्या पत्रातील एक जागा मुद्दाम पाहावी. तिच्या चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकलेला आहे. भोवती काळ्या पोशाखातील सात पुरुष उभे आहेत. कोणीही बोलत नाही. द्युब्वा नावाचा वैद्य हवेत बोटाने आधी एक सरळ रेषा काढतो, मग फुली, मग वर्तुळ. म्हणजे संपूर्ण स्तन काढायचा. रोग्याच्या डोक्यावरून चाललेले हे मुके संभाषण त्या रुमालातून तिला दिसते. ती उठून बसते, रुमाल फेकून देते आणि आपली वेदना एकाच बिंदूपासून उगम पावते हे समजावून सांगू लागते. वैद्य लक्षपूर्वक ऐकतात, परंतु एक अक्षर बोलत नाहीत. द्युब्वा तिला पुन्हा निजवतो आणि रुमाल चेहऱ्यावर ओढतो.

हे वैद्य निर्दय नव्हते. त्याच पत्रावरून दिसते, की फार दुखेल हे द्युब्वाने तिला आधीच स्पष्ट सांगितले होते आणि दुसऱ्या एका वैद्याने मोकळेपणी ओरडायला बजावले होते. तिला खरे सांगितले गेले, तिचे ऐकूनही घेतले गेले. मात्र उत्तर मिळाले नाही. बर्नी 1840 पर्यंत जगली, म्हणून वैद्यकाचे इतिहासकार ही शस्त्रक्रिया यशस्वी मानतात. पण पत्रात जखमेइतकीच ती शांतताही कोरलेली आहे.

1846 साली बॉस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि शस्त्रक्रियेतील यातना संपल्या. हा उपकार अमूल्यच होय. मात्र त्याबरोबर रुग्णाची उठून बसण्याची शक्यताही संपली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॅल्स्टेड ह्यांनी स्तन, त्याखालील स्नायू आणि काखेतील गाठी एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत अशी रीत पडली, की स्त्रीला भूल द्यावी, गाठीचा तुकडा तेथल्या तेथे तपासावा आणि तो कर्करोगाचा निघाल्यास त्याच भुलेत स्तन काढून टाकावा. तिची सही आधीच घेतलेली असे. गाठ तपासून घ्यायला गेलेली स्त्री जागी होऊन छातीवर हात नेई, तेव्हा तिला आपले निदान कळे.

ह्याच काळातील वैद्यांचे मन डोनल्ड ओकन ह्यांच्या 1961 च्या पाहणीत उमटले आहे. शिकागोतील एका रुग्णालयाच्या 219 डॉक्टरांपैकी सुमारे 90 टक्के डॉक्टर रुग्णाला कर्करोगाचे निदान सहसा सांगत नसत. आपले धोरण अनुभवातून आले आहे असा त्यांचा दावा होता. ओकन ह्यांना मात्र त्यामागे अनुभवापेक्षा पूर्वग्रह आणि भावनिक भारच अधिक आढळला. 1979 साली असाच प्रश्न पुन्हा विचारला गेला तेव्हा 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. केवळ अठरा वर्षांत एवढी उलथापालथ झाली.

ती कशी झाली? उपचार सुधारले, संमतीचा कायदा कडक झाला, ही कारणे आहेतच. पण रुग्णांच्या लेखणीचा वाटा आम्हांला कमी वाटत नाही. पत्रकार रोझ कुशनर ह्यांना 1974 साली स्तनात गाठ आढळली. आधी फक्त तपासणी करा, निर्णय मी नंतर घेईन, ह्या अटीला तयार होणारा शस्त्रवैद्य मिळवण्यासाठी त्यांना अनेकांचे उंबरठे झिजवावे लागले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ह्यांची शस्त्रक्रिया व्हायची होती. तीही दोन टप्प्यांत करावी म्हणून कुशनर ह्यांनी व्हाइट हाउसला दूरध्वनी केला. राष्ट्राध्यक्षांचा निर्णय झाला आहे, असे उत्तर मिळाल्याचे त्यांनी पुढे सांगितले. देह पत्नीचा आणि निर्णय पतीचा! पर्सिव्हलची व्यवस्था पावणेदोनशे वर्षांनीही किती शाबूत होती, हे ह्यावरून कळावे. कुशनर ह्यांनी 1975 साली आपला अनुभव व संशोधन पुस्तकरूपाने मांडले. 1979 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञमंडळात त्या एकमेव बिगरवैद्यक सदस्य होत्या, आणि त्या मंडळाने तपासणी व शस्त्रक्रिया वेगळ्या कराव्यात अशी शिफारस केली. बर्नीने रुमाल फेकून जे मागितले, ते येथे प्रथमच धोरणात उतरले.

तरीही, सांगणे सुरू झाले म्हणून बोलणे सुरू झाले असे नाही. निदानाचे वाक्य एका दमात उच्चारून मोकळे होणारा डॉक्टर आणि ते दडवणारा डॉक्टर, दोघांच्याही लेखी रुग्ण हा फक्त श्रोताच असतो. ह्याहून वेगळी वाट लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स ह्यांनी शोधली. परिचारिका, रुग्णालयातील समाजसेविका आणि मग डॉक्टर अशा क्रमाने त्या आल्या होत्या. मरणासन्न रुग्णांचे बोलणे त्यांनी ध्वनिमुद्रित केले, आणि त्यातूनच ‘समग्र वेदना’ ही त्यांची कल्पना आकारली : शरीराचे दुखणे, मनाची भीती, घरच्यांची काळजी, अर्थाचा शोध हे सारे एकाच वेदनेचे भाग आहेत. 1967 साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उघडले. 2000 साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांनी वाईट बातमी देण्याची सहा पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तीतही, सांगण्यापूर्वी रुग्णाला काय ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे हे त्यालाच विचारा, असा क्रम आहे.

आपल्याकडे मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले आणि वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 साली. सेवेच्या संस्था उभ्या राहिल्या. संवादाचा प्रश्न मात्र घरात अडकून राहिला. ‘श्वास’ (2004) ह्या चित्रपटाने तो नेमका पकडला. नातवाच्या डोळ्यांच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया हा एकच उपाय आहे आणि तिच्यानंतर त्याला दिसणार नाही, हे त्या मुलाला कळले पाहिजे. पण आजोबांची जीभ रेटत नाही. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निर्णय दिला, की तपासणीसाठी दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती नव्हे, आणि सज्ञान स्त्री भुलेत असताना तिच्या आईने दिलेली परवानगी तिची स्वतःची ठरत नाही. तो खटला कर्करोगाचा नव्हता, पण प्रश्न तोच होता.

‘त्यांना सांगू नका’ असे डॉक्टरांना विनवणारे आपणच असतो आणि ती विनवणी प्रेमातूनच येते, हे आम्ही नाकारत नाही. सगळ्याच रुग्णांना सगळे जाणून घ्यायचे असते असेही नाही. परंतु जाणून न घेण्याचा हक्कही रुग्णाचाच आहे, आणि तो त्याने बजावायचा तर आधी त्याला विचारावे लागते. न विचारता पाळलेल्या मौनात तो एकटा पडतो. कारण बहुधा त्याला कळलेले असते, आणि आपल्याला कळले आहे हे घरच्यांपासून लपवण्याचे कामही मग त्याच्याच माथी येते.